न मोजलेला महिना

जानकीच्या बोटांवर अख्ख्या वाडीचा विश्वास होता. अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि ओठ न हलवता एकेक महिना पुढे सरकवायचा, असा तिचा हिशोब. कुणाची म्हैस कधी विणार, कुणाची कोंबडी कधी पिल्लं काढणार, कुणाच्या सुनेला माहेरी कधी धाडायचं, हे विचारायला बायका तिच्या पडवीत येऊन बसत. घरात कॅलेंडर होतं, पण ते खिळ्याला लटकून नुसतं वारा खात असे. आणि खरं सांगायचं तर जानकीचं बहुतेक वेळा बरोबर यायचं. एखाद्या वेळी चुकलंच, तर ती म्हशीला दोष द्यायची.

तारकर्लीच्या आतल्या अंगाला, जिथं गाज समुद्राची ऐकू येते पण पाणी खाडीचं दिसतं, तिथं तिचं घर. नवरा गंगाराम उमेदीची वर्षं जहाजावर काढून आता माडांची निगा राखत होता. मुलगा धनेश पर्यटकांच्या बोटी चालवायचा, आणि पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की पडवीत लोळायचा. सून तेजस्वी मात्र लोळणाऱ्यांतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती कणकवलीला आठ दिवसांचं प्रशिक्षण घ्यायला गेली आणि येताना टेम्पोतून एक गुलाबी, लांब कानांची डुकरीण घेऊन आली.

घरात व्हायचा तो गोंधळ झाला. गंगारामला काही वाटलं नाही, त्यानं दहा बंदरांचं पाणी प्यायलं होतं. जानकीला वाटलं. सुनेचं सगळं ऐकून घेऊन तिनं सांगितलं की गोठा विहिरीपासून लांब बांध, तिचं सगळं तूच बघ, मी त्या बाजूला फिरकणार नाही. महिनाभरानं ती रोज संध्याकाळी पेजेचं भांडं आणि उकडलेल्या आठळ्या घेऊन त्याच बाजूला फिरकू लागली. डुकरिणीचं पमी हे नावही तिनंच ठेवलं. पमीला कानामागे खाजवलेलं आवडतं, हे शोधून काढणारीही तीच.

पमीचं पहिलं वेत वाया गेलं. नऊ पिल्लं झाली ती घरातले सगळे दूर लग्नाला गेलेले असताना. परत येऊन बघतात तर सात पिल्लं आईच्याच अंगाखाली, भिंतीच्या कडेला चिरडलेली, आणि दोन गारठून गेलेली. डुकरीण वाईट नसते. तिचं अंग मोठं असतं, ती दमून धपकन आडवी होते, आणि हाताएवढं पिल्लू भिंत आणि आई यांच्यामध्ये सापडतं. तेजस्वी त्या दिवशी ओल्या पेंढ्यात बसून राहिली. रडलीही नाही. जानकीनं तिला हाताला धरून उठवलं, न्हाऊ घातलं, आणि पुढच्या वेळी मी तिथं असेन, असं तिला सांगितलं. गंगारामनं शांतपणे म्हटलं की आणखी एकदा बघू, नाही तर देऊन टाकू. तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. शांतपणे बोललेलं तो मागे घेत नसे.

तर आता हे दुसरं वेत होतं, आणि पमी घरात राहणार की जाणार हे त्यावर ठरायचं होतं. त्याहून जास्त म्हणजे, तेजस्वी पुन्हा कशात जीव ओतेल की नाही, हेही. जानकीला ते दिसत होतं.

पमीला नराकडे नेऊन आणलं ती वैशाखातली संकष्टी होती. जानकीचा उपास होता, चंद्राची वाट बघत ती दारात उभी असताना टेम्पो आला, म्हणून तिला तिथी पक्की आठवत होती. तेजस्वीनं मोबाईलवर हिशोब केला आणि गोठ्याच्या दारावर खडूनं तारीख लिहिली.

"आये, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. तीस ऑगस्टाक पिल्लां जातली," ती म्हणाली.

जानकीनं बोटं मोजली. त्या वर्षी श्रावण दोन होते. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा, आणि दुसरा खरा. तिचा अंगठा आषाढावरून उचलला गेला तो थेट खऱ्या श्रावणावर टेकला.

"धोंडो धरूचो नसता गो," ती म्हणाली. "देव धरणत नाय, तर डुकरीण खंयसून धरतली? गणपती गेल्यावर जातली पिल्लां."

आणि तिनं ओल्या हातानं खडूची तारीख पुसली.

सासूचं ऐकावं की मोबाईलचं, असा प्रश्न तेजस्वीला पडला असणार. पण पिल्लांच्या बचावासाठी गोठ्याला आतून लोखंडी दांडा बसवायचा होता, आणि वेल्डिंगवाला गणपतीच्या आधी मोकळा होत नव्हता. माणसाला सोयीचं असतं ते लवकर पटतं. शिवाय वाडीतल्या चार म्हशींच्या बाबतीत मोबाईलला काही सांगता आलं नव्हतं, आणि जानकीनं दिवस सांगितला होता.

धोंडा न धरण्याची ही रीत जानकीला तिच्या सासूनं शिकवली होती. शिकवली म्हणण्यापेक्षा, तिच्या अंगावर गिरवली होती. अडतीस वर्षांपूर्वी असाच धोंडा श्रावणात आला होता, आणि जानकी पहिलटकरीण होती. गंगाराम जहाजावर. सासू बोटं मोजायची आणि सांगायची की आठवा चालू आहे, आठव्यात पाऊल हलवायचं नाही, आठवा सरला की माहेरी धाडू. नारळी पुनवेच्या तीन दिवस आधी जानकीच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, तिनं सकाळी उठून अख्खं घर सारवायला घेतलं. माजघर, पडवी, सैपाकघर. जुनी लुगडी धुऊन फाडून घड्या केल्या. सासू ओरडली, पण हात थांबेनात. संध्याकाळी पोटात कळ आली. सासू म्हणाली, खोट्या कळा, आठव्यात येतात, पडून राहा. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, बाहेर खाडी फुगलेली, आणि सुईणीला बोलवायला माणूस गेला तोपर्यंत फार उशीर झाला होता. पुनवेच्या आदल्या सकाळी मुलगी झाली. निळी, रडली नाही.

अपुऱ्या दिवसांची होती, जगली नसतीच, असं सगळे म्हणाले. सासू म्हणाली, आठव्यात घर सारवत बसलीस, पोटावर जोर आला, पोर पाडलीस. दिवाळीला गंगाराम आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं गेलं. तो बायकोला एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या खेपेला पैसे घेऊन आला आणि त्यानं घरभर लाद्या बसवल्या, म्हणजे तिला परत सारवायला नको. वाडीतल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस. जानकी रोज त्या लाद्या पुसायची आणि नशीबवान असण्याची शिक्षा भोगायची.

पुढं धनेश झाला, तो मालवणच्या दवाखान्यात, डॉक्टरनं सांगितलेल्या दिवशी. पण त्या पहिलीचं ओझं काही उतरलं नाही. त्यातूनच ती मोजायला शिकली असावी. आपल्या हातून एकदा चूक झाली, आता कुणाची होऊ द्यायची नाही, असा काहीतरी तिचा निश्चय असावा. आणि मोजायची रीत मात्र सासूचीच धरली. ती रीत खोटी असेल, असं तिच्या मनात कधी आलं नाही. चूक आपली, हे एकदा मनाशी धरलं की माणूस दुसरीकडे बघायचं सोडून देतो.

नारळी पुनवेला जानकी किनाऱ्यावर जात नसे. वाडी रिकामी व्हायची, बायका नवी लुगडी नेसून जायच्या, मालवणच्या बंदरावर नारळ वाहायला गर्दी लोटायची, आणि जानकी डोकं दुखतंय म्हणून घरी राहायची. त्या वर्षीही तसंच. गंगाराम आणि धनेश सकाळीच मालवणला गेले. तेजस्वी राखी बांधायला वेंगुर्ल्याला भावाकडे गेली. घरात जानकी, परसात पमी.

दुपारी श्रावणातलं ते ऊन पडलं होतं, जे पडतं तेव्हा पाऊसही पडत असतो. माडांच्या झावळ्यांतून उजेड खाली गळत होता. जेवण झाल्यावर जानकी पडवीत चटईवर आडवी झाली. गाज येत होती, मग दूर गेली, मग पुन्हा आली. तिचा डोळा लागला की नाही, तिला सांगता आलं नसतं.

तिला दिसलं की परसात एक बाई वावरते आहे. बाई तरुण, पोटानं भरलेली, पदर खोचलेला. ती वाळका पालापाचोळा वेचत होती, ओटीत घेत होती, कोपऱ्यात नेऊन टाकत होती आणि पुन्हा येत होती. घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं. पाऊस तिच्यावर पडत होता आणि ती भिजत नव्हती. जानकीनं तिला हाक मारली, काय गो करतेस? बाईनं मान वळवली नाही. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं माखले होते, आणि जानकीला स्वप्नातच त्या शेणाचा ओला, गार वास आला. तिला वाटलं, हिला सांगावं, पुरे कर, ओरडतील. मग वाटलं, कशाला सांगायचं, किती सुंदर सारवते आहे.

जानकी जागी झाली. परसातून खसफस येत होती, ती काही थांबली नव्हती.

ती उठून गोठ्याकडे गेली. पमीनं दाराची फळी नाकानं ढकलून उघडली होती आणि ती अंगणात फिरत होती. तोंडात वाळकी झावळी धरून ती गोठ्यात नेत होती. आत टाकत होती, पायांनी उकरत होती, गोल फिरत होती, पुन्हा बाहेर येत होती. नारळाच्या सोडणांचा ढीग विस्कटलेला. पेंढ्याची गंजी एका बाजूनं फोडलेली. सकाळची पेज तशीच पडून होती, तिच्यावर माशा बसल्या होत्या. गोठ्याच्या कोपऱ्यात एक चांगलंसं, वाटोळं, मऊ अंथरूण तयार झालं होतं.

जानकीच्या तोंडून पहिला शब्द आला तो तिच्या सासूचा. खोट्या कळा, ती मनाशी म्हणाली. अजून महिना आहे. असं होतं कधी कधी.

ती कट्ट्यावर बसली आणि बघत राहिली. पाऊस थांबला, पुन्हा आला. पमी तिच्या समोरून जात होती, येत होती, जणू जानकी तिथं नव्हतीच. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती कुठंतरी आत बघत चालत होती. बराच वेळ असा गेला. जानकीला पुन्हा गुंगी आल्यासारखं झालं, आणि त्या गुंगीत तिला समोर चालणारी पमी आणि मघाची ती बाई वेगळी करता येईना. दोघींच्या चालीत तोच भार होता. आणि मग, कुणी कानात सांगावं तसं नव्हे, अगदी साधं, आपलं आपल्याला आठवावं तसं तिला कळलं की ती बाई कोण होती. बाविसाव्या वर्षाची जानकी होती ती. आणि अशी हौसेनं, न थांबता घर करणारी बाई आठव्या महिन्यातली नसते.

ती उठली. पमीच्या पोटाशी बसून तिनं एक थान बोटांत धरून हलकेच दाबलं. पांढरा, दाट चीक तिच्या बोटावर आला.

फोन लावायला हात धजेना, हे खरं आहे. अडतीस वर्षांत तिनं कुणाला, मी चुकले, असं म्हटलं नव्हतं. एका गोष्टीत आयुष्यभर चुकलेली ठरली होती, ते पुरे होतं. पण पमी आता आडवी होत होती आणि उठत होती. जानकीनं फोन लावला. तेजस्वी वेंगुर्ल्याहून निघालेल्या एस.टी.त होती.

"तुजी तारीख खरी गो, माजी खोटी," जानकी म्हणाली. "पमीक आज पिल्लां जातली."

तिकडून तेजस्वी बोलायला लागली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. दांडा नाही तर वासे बांधा, भिंतीपासून वीतभर सोडून, जमिनीपासून वीतभर वर. ती आडवी पडली तरी पिल्लांना पळायला जागा राहील. पिल्लू आलं की नाक पुसा, कोरड्या फडक्यानं चोळा, लगेच थानाला लावा. कोपऱ्यात बल्ब लावा, ऊब पाहिजे. मग रेंज गेली.

गणपतीच्या मांडवासाठी गंगारामनं पोफळीचे वासे तासून, तेल लावून पडवीच्या आढ्याला ठेवले होते. दरवर्षी त्याच वाशांचा मांडव व्हायचा, त्यांना कुणी हात लावलेला गंगारामला चालत नसे. जानकीनं ते खाली ओढले. एक मोठा होता, तो तिनं कोयत्यानं मधोमध तोडला. माडाच्या सुंभानं तिन्ही भिंतींच्या कडेनं वासे आवळून बांधले, गाठीला गाठ मारून, गुडघ्यांवर बसून. अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. बाप्पा, रागावू नकोस, ती म्हणाली, तुझा मांडव नवीन करू. तुझी आई पण कधीतरी अशी अडली असेल.

तिनं पमीचं पोट आणि थानं कोमट पाण्यानं धुतली, कोरडी केली. धनेशच्या खोलीतला दिवा काढून आणून कोपऱ्यात टांगला. त्याच्याखाली भात पाखडायचं सूप ठेवलं आणि त्यात मऊ कापड घातलं. माणसाचं पोर सुपात घालतात, हिचं का नको, असं तिला वाटलं. मग ती पमीच्या पाठीशी बसली, कानामागं खाजवत. पमी कुशीवर पडून हळूहळू, खोल गळ्यातून काहीतरी बोलत होती. बाहेर कुठं बंदरावर ढोल वाजत असतील, ते इथं ऐकू येत नव्हते. फक्त गाज होती, आणि पमीचा श्वास, आणि दोन्ही एकाच लयीत चालले होते असं जानकीला वाटलं. त्या वेळी घड्याळ चालत होतं की थांबलं होतं, तिला कळलं नाही.

पहिलं पिल्लू मासळीसारखं सुळकन आलं. जानकीनं ते उचललं. मनात आत कुठंतरी तिची तयारी होती की हे अपुरं असणार, कातडी पातळ, डोळे मिटलेले, महिनाभर आधी आलेलं. तिनं फडक्यानं त्याचं नाक पुसलं, पाठ चोळली. पिल्लानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावर पांढरी, बारीक, दाट केसांची लव होती. खुरं नीट, टोकदार. आणि तिनं तोंडात बोट घालून बघितलं तर दात होते. सुईसारखे. पिल्लू तिच्या बोटाला कडाडून चावलं.

"पुरां आसा," जानकी म्हणाली. एकटीच होती, तरी मोठ्यानं म्हणाली.

तिनं ते थानाला लावलं. दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येकाची खुरं तिनं बघितली. प्रत्येक पुरं होतं. पमीच्या पोटाला धोंड्याचा महिना माहीत नव्हता. पोटानं दिवस मोजले होते, ते सगळे मोजले होते, एकही गाळला नव्हता.

चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बराच वेळ गेला. जानकीचा अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला. त्या पहिलीच्या वेळी दत्तजयंतीला ती पाळीची न्हाली होती, त्यानंतर नाही. पौष, माघ, फाल्गुन. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. आषाढ. अंगठा तिथं अडखळला. मग तो जिथं कधी टेकला नव्हता तिथं टेकला. धोंडा. मग श्रावण, पुनवेच्या आदल्या दिवसापर्यंत. नऊ. नऊ भरायला एक दिवस कमी.

तिला नखं आठवली. मुलीची नखं वाढलेली होती, इतकी की तिच्या गालावर तिच्याच नखांचा एक ओरखडा होता. केस काळेभोर, कानांवर आलेले. जानकीनं ते तेव्हाच बघितलं होतं. बघून गप्प राहिली होती, कारण बाविसाव्या वर्षी, तापात, चार बायांच्या मध्ये, तिला कोण विचारतं? मग स्वतःलाही विचारायचं सोडलं. आता ती ओल्या पेंढ्यात बसून रडली. आधी सुटल्यासारखी रडली. मग तिला सासूचा राग आला, आणि तो काढायला सासू कुठं होती? वीस वर्षांपूर्वी गेली, तिचं तेरावंही जानकीनंच यथासांग केलं होतं. ते पोर जगलं असतं. कुणी सुईणीला एक दिवस आधी बोलावलं असतं तर जगलं असतं. हे कळणं काही सुखाचं नव्हतं. पण खरं होतं, आणि ते आता तिचं होतं.

पाचवं पिल्लू मरगळलेलं आलं, श्वास नाही. जानकीनं डोळे पुसले नाहीत, त्याचं तोंड पुसलं. पाय धरून उलटं केलं, चोळलं, फुंकर घातली, पुन्हा चोळलं, ओरडली त्याच्यावर. ते खोकललं. तिनं त्याला स्वतःच्या पोटाशी पदराखाली धरलं, आणि गरम झाल्यावरच थानाला लावलं.

अकरा झाली. एक पोटातच गेलेलं होतं, ते तिनं केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवलं. शेवटचं झाल्यावर पमी उठली, एक गिरकी घेतली आणि धपकन भिंतीकडे कोसळली. वासा करकरला, सुंभ ताणलं, पण गाठ सुटली नाही. वाशामागच्या वीतभर जागेतून दोन पिल्लं चिरकत बाहेर आली आणि सरळ थानाकडे गेली.

तेजस्वी आली तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर होती. ती फाटकातून धावतच आली, चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे. दारात उभी राहून तिनं मोजली. दहा, ओळीनं, एकमेकांच्या अंगावर पाय देत, डोळे मिटून पीत होती. ती खाली बसली आणि या वेळी मात्र रडली. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली की तुम्ही होतात म्हणून. जानकीनं सांगितलं की मी होते म्हणून हे सगळं शेवटच्या घटकेवर आलं, आणि हे वाडीतल्या बायकांना सांगायलाही आपली हरकत नाही. पुढच्या वेळी तारीख तू लिही. मी पुसणार नाही.

गंगाराम आणि धनेश थोड्या वेळानं आले. धनेश पिल्लं बघायला सरळ आत गेला. गंगाराम प्रसादाचा नारळ हातात घेऊन पडवीतच उभा राहिला, आढ्याकडे बघत. मग परसात आला. त्याला वासे दिसले, त्यातला तोडलेला दिसला. त्याच्या कपाळावर आठी आली. तो काही बोलणार, तेवढ्यात जानकी उठून त्याच्यासमोर उभी राहिली. हात रक्तानं आणि चिकानं माखलेले, केसांत पेंढा.

"आपलां चेडू पुऱ्या दिवसांचां होतां," ती म्हणाली.

गंगारामला कोणतं चेडू, कुठली मुलगी, असं विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्यात तो शब्द कधी आला नव्हता, तरी नाही लागलं. तो कट्ट्यावर बसला. नारळ त्यानं मांडीवर ठेवला. आत पिल्लांचा चुरूचुरू आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, हळू, जसं कुणाला दुखवायचं नसताना विचारतात तसं.

"मगे तू त्या दिवशी घर सारवलंस तां?"

"सारवलंय म्हणान चेडू येवक नाय," जानकी म्हणाली. "तां येवचां होतां, म्हणान मी सारवलंय."

गंगारामनं तिचा माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि तो तसाच धरून बसला.